उतार सपाट करू नका, आणि सासूबाईंना खाली पाठवू नका

प्रश्न: आमचं घर पस्तीस वर्षांपूर्वी सासऱ्यांनी बांधलं. रस्त्याच्या बाजूला सगळं सपाट आहे, मागे मात्र जमीन उतरत जाते. मागच्या दारापासून कंपाउंडपर्यंत ६० फूट अंतर आणि तेवढ्यात साधारण १२ फूट उतार. जागेची रुंदी ४० फूट. आता घराचं नूतनीकरण करायचंय आणि परसात २५ बाय २० फुटांचं एक छोटं स्वतंत्र घरही बांधायचंय. सासूबाई ७१ वर्षांच्या आहेत, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. त्या म्हणतात, "मी मागे राहीन, तुमची तुम्हाला मोकळीक." नवऱ्यालाही ते पटलंय. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, कंपाउंड वॉल आहेच, तिच्या आत भराव टाकून सगळं एका लेव्हलला घेऊ, म्हणजे पायऱ्यांचा प्रश्नच मिटेल. नवऱ्याने इंटरनेटवरून धबधब्यावर झेपावलेल्या गच्चीचा एक फोटो काढून ठेवलाय. त्याला मागची भिंत पाडून तशी गच्ची आणि काचेची दारं हवी आहेत. आधी जुनं घर करायचं की मागचं? आणि मी सासूबाईंबद्दल काही बोलले तर त्याचा अर्थ कसा घेतला जाईल, हीही भीती आहे. (मागच्या उजव्या कोपऱ्यात खिडकीपासून वर एक तिरकी भेग आहे, दर वेळी रंग देताना आम्ही बुजवतो. गच्चीच्या पाण्याचा पाइपही तिथेच उतरतो. त्याचा याच्याशी संबंध नसावा.)

उत्तर:

संबंध आहे. तुमच्या सगळ्या पत्रात मला सर्वात जास्त काळजी वाटली ती त्या कंसातल्या मजकुराची, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

जी भेग दर वेळी बुजवावी लागते, ती दर वेळी उघडते आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी वर जाणारी आणि वर जास्त रुंद होत गेलेली भेग बहुतेकदा एकच गोष्ट सांगते: घराचा तो कोपरा बाकीच्या घरापेक्षा जरा जास्त खाली बसतो आहे. उताराच्या बाजूचा कोपरा, आणि नेमकं गच्चीचं पाणी तिथेच सोडलेलं. १०० चौरस मीटरच्या गच्चीवर १० मिलिमीटर पाऊस पडला की १,००० लिटर पाणी होतं. अर्ध्या-पाऊण तासाच्या एका सरीत एवढं पाणी सहज पडतं आणि तुमच्याकडे ते सगळं एका पाइपमधून एका कोपऱ्याच्या पायाशी उतरतं, पस्तीस वर्षं. मग तिथली माती मऊ पडते, तिच्यातले बारीक कण उताराने वाहून जातात, आणि माती चिकणमातीची असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. भिंत या सगळ्याबरोबर वर-खाली होते.

आता करायचं ते असं. तो पाइप लांब नळी जोडून, पुढे पक्क्या गटारातून, घरापासून दूर न्या. हे काम नूतनीकरणात धरू नका, या आठवड्यात करा. मग भेगेच्या दोन्ही बाजूंना, तीन ठिकाणी, पेन्सिलने बारीक फुल्या काढा आणि प्रत्येक जोडीतलं अंतर मिलिमीटरच्या पट्टीने मोजून तारखेसह भिंतीवरच लिहून ठेवा. दर पंधरा दिवसांनी मोजा. जुन्या पद्धतीत भेगेवर काचेची पट्टी प्लास्टरने चिकटवून ठेवतात. भिंत हलली की काच तडकते. ती पद्धतही चालेल, पण ती फक्त हललं एवढंच सांगते, किती हललं ते फुल्या सांगतात. भेग एक-दोन मिलिमीटरची आणि स्थिर असेल तर ती रंगाऱ्याच्या हातातली गोष्ट. पाच मिलिमीटरच्या वर असेल, किंवा वाढतेच आहे असं दिसलं, तर स्ट्रक्चरल इंजिनिअरने येऊन पाया उघडून पाहिल्याशिवाय त्या बाजूला कुदळसुद्धा लावू नका. मापं एक कोरडा आणि एक ओला ऋतू घेतलीत तर उत्तम. तेवढा वेळ नकाशे, परवानग्या आणि घरातल्या चर्चा यांत जाणारच आहे.

आणि साहजिकच, ती मागची भिंत पाडून काचेची दारं लावायचा बेत या मोजमापाचा निकाल लागेपर्यंत बाजूला ठेवा. पस्तीस वर्षांपूर्वीच्या विटांच्या घरात ती भिंत छताचा भार घेत असण्याची शक्यता दाट. आधीच बसत चाललेल्या कोपऱ्याशेजारी मोठं भगदाड पाडणं म्हणजे बसण्याला आमंत्रण.

आता कॉन्ट्रॅक्टरचा भराव. हा माणूस कामाला चांगला असेलही, पण हा सल्ला त्याने तुम्हाला फार विचार न करता दिलेला दिसतो.

हिशोब करू. ६० फूट लांब, ४० फूट रुंद, शेवटी १२ फूट खोल, असा त्रिकोणी खड्डा भरायला १४,४०० घनफूट म्हणजे सुमारे ४०० घनमीटर माती लागेल. वजनात सातशे टनांच्या घरात. हे सगळं वजन ज्या भिंतीला टेकणार आहे ती काय आहे? कंपाउंड वॉल. कंपाउंड वॉल स्वतःच्या पायावर उभी राहण्यासाठी बांधलेली असते, गाई-गुरं आणि चोर अडवण्यासाठी. मागून लोटणाऱ्या मातीला तोंड द्यायला जाड पाया, लोखंड आणि तळाशी रुंद बैठक असलेली रिटेनिंग वॉल लागते. ती वेगळी गोष्ट आहे, दिसायला सारखी असली तरी.

उंचीबरोबर हा दाब कसा वाढतो ते एकदा समजून घेतलंत की तुम्ही कॉन्ट्रॅक्टरशी शांतपणे बोलू शकाल. मातीचा एकूण रेटा उंचीच्या वर्गाने वाढतो आणि भिंत उलथवणारा जोर घनाने. म्हणजे ४ फुटांच्या भिंतीपेक्षा १२ फुटांच्या भिंतीवर रेटा तिप्पट नाही, नऊपट; आणि उलथवणारा जोर सत्तावीसपट. त्यातही भिंतीमागे पाणी साठलं तर कोरड्या मातीच्या दुपटीहून जास्त दाब येतो. म्हणून रिटेनिंग वॉल पडल्याच्या बातम्या भर पावसात येतात. या रेट्याचं गणित पहिल्यांदा नीट मांडलं ते कुलोमने, १७७६ साली छापलेल्या निबंधात. शाळेत विजेच्या भारांचा नियम शिकताना भेटतो तोच हा कुलोम. तो मूळचा लष्करी इंजिनिअर, कॅरिबियन समुद्रातल्या मार्टिनिक बेटावर किल्ला बांधताना त्याला माती अडवणाऱ्या भिंतींशी वर्षानुवर्षं झुंजावं लागलं होतं. सांगायचा मुद्दा, हे ज्ञान अडीचशे वर्षांचं जुनं आहे. "आमचा अनुभव आहे, काही होत नाही" हे त्याला उत्तर नाही.

बरं, भिंत हत्तीसारखी भक्कम बांधली असं धरू. तरी भराव बसतो. माती सहा-आठ इंचांच्या थरांत, योग्य ओल ठेवून, प्रत्येक थर यंत्राने दाबत आणली तर कमी बसते; ट्रकने ओतून वर जेसीबी फिरवला तर वर्षानुवर्षं बसत राहते. आणि त्यावर घर उभं केलंत की त्याच्या वरच्या कडेखाली भराव कमी, खालच्या कडेखाली चार-पाच फूट जास्त. एक बाजू कमी बसेल, दुसरी जास्त. भेग कुठून जाईल हे मी आजच खडूने आखून देऊ शकते. शिवाय तुमच्या कंपाउंडपलीकडे, खालच्या अंगाला, कोणीतरी राहत असेल. त्यांच्या डोक्यावर सातशे टन माती टांगण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि काही झालं तर जबाबदारी तुमच्यावरही येईल.

तेव्हा उतार ठेवा आणि घर उताराला धरून बांधा. तुमचा उतार पाचास एक, म्हणजे पाच फुटांत एक फूट आहे, हा अवघड प्रकार अजिबात नाही. घराची २५ फुटांची बाजू उताराला आडवी ठेवा आणि २० फुटांची उताराच्या दिशेने. मग घराच्या वरच्या आणि खालच्या कडेत फरक पडतो फक्त ४ फूट. वरची कड मागच्या दारापासून ३० फुटांवर घेतली तर तिथली जमीन दारापेक्षा ६ फूट खाली असेल. घराच्या फरशीची पातळी वरच्या कडेशी जुळवून, खालची कड चार फूट उंच जोत्यावर किंवा कॉलमवर उचलली, की खोदाई जवळजवळ नाहीच, भराव नाही आणि मोठी रिटेनिंग वॉलही नाही. खालच्या अंगाला पोकळी राहते, तिच्यातून सगळे पाइप हाताने पोचण्याजोगे जातात. पाया कुठल्याही प्रकारचा असो, तो मूळ घट्ट जमिनीपर्यंत न्यायचा आणि प्रत्येक फुटिंगचा, म्हणजे पायाच्या सर्वात खालच्या पसरट भागाचा, तळ आडवा हवा, उताराला समांतर कधीही नाही. इंजिनिअरला एवढं मात्र आवर्जून विचारा: वरच्या बाजूचे कॉलम आखूड आणि खालचे लांब असतील तर भूकंपाच्या धक्क्यात आखूड कॉलम जास्त जोर खातात आणि आधी मोडतात, त्यांनी त्यासाठी काय केलंय? जो या प्रश्नाला नीट उत्तर देईल तो इंजिनिअर ठेवा.

पण त्याआधी तुमचा तो "साधारण १२ फूट" खरा आहे का ते पाहा. साधारण हा शब्द उतारावर फार महाग पडतो. सर्व्हेअर येऊन अर्ध्या-अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषांचा नकाशा काढून देईलच, तो लागेलच, पण गवंडी वापरतात ती लेव्हल ट्यूब घेऊन एका संध्याकाळी मुलांबरोबर हे स्वतः करून बघण्यासारखं आहे. पंधरा-वीस फुटांची पारदर्शक नळी घ्या, पाण्याने भरा, नळीत एकही हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. बुडबुडा असला की माप खोटं. दारापासून दर १० फुटांवर एक खुंटी ठोका. एकाने नळीचं एक टोक वरच्या खुंटीशी धरायचं, दुसऱ्याने दुसरं टोक खालच्या खुंटीशी उभ्या काठीला लावायचं. पाणी दोन्हीकडे एका पातळीला येऊन स्थिरावलं की दोन्हीकडे जमिनीपासून पाण्यापर्यंतची उंची मोजायची. दोन मापांतला फरक हा त्या दहा फुटांतला उतार. सहा टप्प्यांत सगळी जागा होते. मला खात्री आहे की प्रत्येक टप्प्यात बरोब्बर दोन फूट येणार नाहीत. कुठेतरी जमीन सव्वा फूटच उतरत असेल, कुठे तीन फूट. जिथे ती सौम्य आहे तिथे घर बसवा, भले ते तुमच्या मनातल्या जागेपासून आठ-दहा फूट सरकलं तरी.

त्याच जागी दोन-तीन परीक्षणाचे खड्डे घ्यायला लावा, एक वरच्या कडेला, एक खालच्या. सॉईल टेस्टचा अहवाल लॅबमधून येईल. तुम्ही स्वतः त्या खड्ड्याच्या भिंतीकडे बघा. सासऱ्यांनी घर बांधलं तेव्हा जोत्याची खोदलेली माती कुठे गेली असेल? उतारावरच्या बहुतेक घरांत ती मागे ढकलून दिलेली असते. वरच्या दोन-तीन फुटांत विटांचे तुकडे, कौलांची खापरी, चुन्याचे गोळे दिसले, की समजा हा जुना भराव. त्याच्यावर पाया ठेवायचा नाही, त्याखाली दिसणाऱ्या एकजिनसी, रंग न बदलणाऱ्या घट्ट थरापर्यंत जायचं. हे खड्डे न घेता जो तुम्हाला पायाची खोली आणि एकूण अंदाज सांगतो, तो अंदाज सांगतोय हे लक्षात ठेवा.

आता सासूबाई.

सहा फूट खाली म्हणजे सहा-सहा इंचांच्या बारा पायऱ्या. रोज किमान दोनदा, औषधाला, देवाला, नातवंडांना भेटायला, जेवायला. पायऱ्या नकोत म्हणून रॅम्प करायचा म्हटलं तर बारास एक हा सुरक्षित चढ धरून त्याची लांबी ७२ फूट होते, मध्ये दोन-तीन ठिकाणी सपाट थांबे वेगळे. तुमच्याकडे दारापासून घरापर्यंत अंतर ३० फूट आहे. म्हणजे तो रॅम्प तीनदा वळसे घेत सगळा परस व्यापणार. आणि खरा प्रसंग दिवसा उजेडी येत नाही. रात्री दोन वाजता पावसात त्यांना बरं वाटेनासं झालं तर दोघा माणसांना त्यांना उचलून बारा पायऱ्या चढाव्या लागतील. ऑपरेशन झालेला एक गुडघा आहे. दुसरा किती वर्षं साथ देईल?

त्यामुळे माझं मत स्पष्ट आहे: सासूबाई वरच्याच घरात, रस्त्याच्या पातळीला, खालच्या घरात ज्यांचे गुडघे शाबूत आहेत ते. मोठा मुलगा, पाहुणे, नवऱ्याचं काम, भाडेकरू, किंवा तुम्ही दोघं स्वतः. हा शेवटचा पर्याय गमतीने लिहिलेला नाही. मुलं मोठी झालेल्या कितीतरी जोडप्यांना तो आवडतो.

हे बोलायचं कसं, ही तुमची खरी अडचण. "तुम्ही मागे जाऊ नका" असं म्हटलंत तर सासूबाईंना कदाचित बरं वाटेल, कदाचित त्यांना वाटेल की सूनबाई त्यांच्या हौसेच्या आड येते आहे; आणि नवऱ्याला वाटेल, आता हिने बेत मोडला. म्हणून मत मांडू नका, खुंट्या मांडा. वर सांगितलेल्या मोजमापानंतर नवऱ्याला बारा पायऱ्यांची जागा दोरीने जमिनीवर आखायला सांगा आणि पाण्याची एक भरलेली बादली हातात देऊन वर-खाली चार फेऱ्या मारायला सांगा. तुमच्या वतीने ती बादली बोलेल.

सासूबाईंना मात्र सरळ विचारा, एकट्या असताना: "आई, तुम्हाला मागे का जावंसं वाटतं?" उत्तर तीनपैकी एक निघेल असा माझा अंदाज. आपण अडचण होतोय असं वाटत असेल, तर ती गोष्ट घर बांधून सुटणारी नाही, ती नवऱ्याने आईशी बोलायची. शांतता हवी असेल, टीव्ही आणि मुलांच्या मित्रांपासून, तर खोलीची जागा बदला. आणि स्वतःचं दार, स्वतःचा गॅस, स्वतःच्या वेळा हव्या असतील, आणि मला वाटतं बहुधा हेच असेल, तर ते वरच देता येतं. नूतनीकरण करताय ना? रस्त्याच्या बाजूच्या एका खोलीला वेगळं दार काढा, त्याला उंबरा ठेवू नका. आत छोटा ओटा, स्वतंत्र बाथरूम, दाराची मोकळी रुंदी निदान ३ फूट, व्हीलचेअर लागलीच तर अडायला नको. बाथरूमच्या भिंतीत आजच पक्का आधार गाडून ठेवा, म्हणजे धरायचे दांडे उद्या लावताना टाइल फोडाव्या लागणार नाहीत. फरशी खडबडीत. परसाकडे एक खिडकी, बसल्या जागी बाहेर दिसेल इतकी खाली. पत्र वाचून मला असं वाटतं की त्यांना परस हवा आहे, पायऱ्या नकोत.

आधी काय, नंतर काय, या प्रश्नाचं उत्तर यातून जवळजवळ निघालंच आहे. आधी पाणी, मग भेगेचा निकाल, मग मागचं घर, शेवटी जुनं. बहुतेक लोक उलट करतात, कारण जुनं घर रोज डोळ्यांसमोर असतं. पण उतारावर मागच्या कामाचं सगळं सामान, वाळू, सळ्या, काँक्रीट, पुढच्या घराच्या अंगावरूनच जाणार. नवा रंग, नवी फरशी, नवं अंगण यांच्यावरून. शिवाय मागचं घर आधी तयार झालं की वरचं काम चालू असताना तुम्ही तिथे राहायला जाऊ शकता. सासूबाईंसाठी त्या काही महिन्यांपुरती जवळपास, पायऱ्या नसलेली सोय बघा. वरच्या घराच्या बाजूचा बोळ किती रुंद आहे ते आजच मोजा. नेहमीचा जेसीबी साडेसात फुटांच्या आसपास रुंद असतो. बोळ चारच फुटांचा असेल तर छोटं खोदाई यंत्र किंवा माणसं लागतील, आणि अंदाजपत्रक त्यावरून बदलेल. खोदलेली माती ढिली होऊन वीस-तीस टक्क्यांनी फुगते. ती खड्ड्याच्या वरच्या काठावर ढीग करून ठेवू द्यायची नाही, कितीही सोयीचं असलं तरी. कडा कोसळतात त्या तशाच. आणि जुन्या पायाच्या तळापासून ४५ अंशांत खाली जाणारी एक काल्पनिक रेष धरा. नवी खोदाई त्या रेषेच्या आत शिरत असेल तर इंजिनिअर हजर असल्याशिवाय काम नाही. तुमची माती ढिली निघाली तर तो ही रेष आणखी सपाट धरायला सांगेल.

पाण्याबद्दल थोडं अजून, कारण उतारावरच्या घराचं निम्मं आयुष्य पाण्याशी भांडण्यात जातं. नव्या घराच्या वरच्या अंगाला, भिंतीपासून चार-पाच फुटांवर, आडवा चर घ्या: तळाशी भोकं असलेला पाइप, भोवती खडी, खडीभोवती माती गाळणारं कापड. वरून जमिनीवर वाहत येणारं आणि मातीतून झिरपत येणारं पाणी त्यात अडतं आणि घराला वळसा घालून बाजूने निघून जातं. निघून कुठे जातं हे कागदावर लिहून घ्या. "खाली" हे उत्तर नाही, खाली शेजारी आहेत. जी काही दोन-तीन फुटांची छोटी रिटेनिंग वॉल अंगणात लागेल तिलाही मागे खडीचा थर आणि तळाशी वीप होल, म्हणजे पाणी बाहेर पडायची भोकं, हवीतच. पूर्ण झाल्यावर काही महिन्यांनी एक तार घालून बघा, भोकं खरंच उघडी आहेत का. पुष्कळ ठिकाणी प्लास्टर करताना ती बुजवून टाकलेली असतात.

सांडपाण्याचा प्रश्न तुमच्या पत्रात आलाच नाही, आणि बेत इथेच फसू शकतो. तुमची ड्रेनेज लाइन रस्त्याच्या बाजूला असेल, म्हणजे वर. नवं बाथरूम सहा फूट खाली. चार इंची पाइपला चाळीसास एक ते साठास एक एवढा ढाळ लागतो, आणि तो तुमच्याकडे उलट्या दिशेने आहे. म्हणजे एकतर खालच्या बाजूने दुसरी लाइन मिळते का ते बघायचं, किंवा टाकी करून पंपाने मैला वर चढवायचा. पंप बसवलात तर वीज गेल्यावर किती तास टाकी पुरेल हे विचारा. सेप्टिक टँक आणि शोषखड्ड्याचा पर्याय उतारावर जपून घ्यावा लागतो. शोषलेलं पाणी थोडं खाली जाऊन पुन्हा बाहेर फुटू शकतं. आणि वरच्या घराची लाइन खालच्या घराच्या चेंबरमधून कधीही नेऊ नका. ती तुंबली की वरच्या घराची सगळी घाण खालच्या बाथरूमच्या जाळीतून बाहेर येते, कारण सर्वात खालचं तोंड तेच.

आता नवऱ्याच्या फोटोबद्दल. धबधब्यावर झेपावलेल्या गच्च्या म्हटल्यावर तो फोटो बहुधा अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातल्या फॉलिंगवॉटरचा आहे, वास्तुरचनाकार फ्रँक लॉइड राइटने १९३० च्या दशकात बांधलेल्या घराचा. जगातल्या सर्वात सुंदर घरांपैकी एक, यात वाद नाही. पण त्या गच्च्या सुरुवातीपासून खाली झुकत गेल्या आणि शेवटी २००२ साली आतून पोलादी केबल ओढून त्या सावरल्या. नवऱ्याला सांगा, त्याच जागेतली दुसरी वास्तू बघ: मुख्य घराच्या मागे, चढावर, १९३९ साली पूर्ण झालेलं पाहुण्यांचं घर. दोन घरांना जोडणारी पायवाट उताराबरोबर चढत जाते, आणि तिच्यावरचं काँक्रीटचं छप्परही टप्प्याटप्प्याने, तिच्याबरोबरच. तुमच्या बारा पायऱ्यांवर असं एक साधं छप्पर, एका बाजूला सलग कठडा आणि प्रत्येक तिसऱ्या पायरीशी दिवा एवढं केलंत तर खालचं घर सगळ्यांच्याच जास्त वापरात राहील. झेपावलेली गच्ची नकोच. त्याऐवजी खालच्या घराच्या पुढच्या कडेला, जिथे जोतं चार फूट उंच आहे, तिथे कॉलमवर टेकलेली सहा-सात फुटांची ओसरी करा. दृश्य तेच दिसतं.

परवानगीबद्दल एवढंच: एकाच जागेत दुसरं स्वयंपाकघर आलं की अनेक ठिकाणी ते दुसरं स्वतंत्र घर धरलं जातं आणि मोकळ्या जागेचे, पार्किंगचे, ड्रेनेजचे वेगळे नियम लागतात. नकाशा काढण्याआधी हे विचारा, नंतर नाही.

कॉन्ट्रॅक्टरकडून अंदाजपत्रक दोन भागांत मागा: जोत्यापर्यंतचं वेगळं, जोत्यावरचं वेगळं. उतारावर पैसा डोळ्यांना न दिसणाऱ्या भागात जातो, आणि एकच आकडा दिला की काटछाट नेमकी तिथेच होते. फुटिंगचे खड्डे तयार झाले की काँक्रीट ओतण्याआधी इंजिनिअरने प्रत्येक खड्डा बघून सही केली पाहिजे, ही अट करारात लिहा. हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधा. आणि शेवटचा हप्ता चावी हातात आल्यावर देऊ नका. पहिला मोठा पाऊस पडून गेला, वीप होलमधून पाणी आलं, आडव्या चराचं पाणी ठरल्या जागी पोचलं आणि घराच्या वरच्या भिंतीला आतून ओल आली नाही हे स्वतः बघून झाल्यावर द्या.